आधी शहर मोजा, मग विद्यापीठ निवडा: परदेशी शिकायला जाणाऱ्या गोव्यातल्या मुलांसाठी

गोव्यातली बहुतेक मुलं पदवीपर्यंत घरचंच जेवतात. कॉलेज फर्मागुडीला, साखळीला, मडगावला नाहीतर म्हापशाला. जायला दुचाकी किंवा कदंब बसचा पास. संध्याकाळी परत घरी. ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठात शिकणारेही बरेच जण रोज ये-जा करतात. भाड्याची खोली शोधणं, करारपत्र वाचणं, वीजबिल चौघांत वाटून घेणं ही कामं त्यांच्यावर कधी आलेलीच नसतात. आणि हीच मुलं एकदम लंडन, म्युनिक, डब्लिन, टोरांटो इथल्या विद्यापीठांना अर्ज करतात. क्रमवारी तपासतात, फी तपासतात, शहर मात्र फोटोत बघतात.

शहरातल्या विद्यापीठाला बऱ्याचदा फाटक नसतं. लंडनचं युनिव्हर्सिटी कॉलेज, न्यूयॉर्क विद्यापीठ, मेलबर्नची आरएमआयटी यांच्या इमारती रस्त्यांवरच्या दुकाना-कचेऱ्यांमध्ये मिसळलेल्या आहेत. वर्ग सुटला की तुम्ही थेट शहरात असता. राहण्याची, जेवणाची, प्रवासाची सोय विद्यापीठापेक्षा शहरच जास्त ठरवतं. म्हणून माझा आग्रह असा की विद्यापीठांची यादी करण्याआधी शहरांची यादी करा आणि प्रत्येक शहराचा हिशेब कागदावर मांडा. एजंटांचा क्रम याच्या बरोबर उलटा असतो. तो का, ते पुढे येईल.

पहिली पायरी: विद्यापीठ नेमकं कुठे आहे?

नावावर जाऊ नका, नकाशा उघडा. वॉरिक विद्यापीठ वॉरिक गावात नाही, ते कॉव्हेंट्री शहराच्या कडेला आहे. मोनाश मेलबर्नचं म्हणून ओळखलं जातं, पण त्याचा मुख्य परिसर क्लेटनला, शहराच्या मध्यापासून साधारण २० किलोमीटर दूर. टोरांटो विद्यापीठाचे तीन परिसर आहेत: सेंट जॉर्ज भर शहरात, बाकीचे दोन स्कारबरो आणि मिसिसागा इथे. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात संगणकशास्त्र घेतलंत तर तुमचे वर्ग म्युनिकमध्ये नाही, गार्शिंगला; यू-सहा या मेट्रोने शहराच्या मध्यापासून अर्ध्या तासाच्या आसपास. डब्लिनमध्ये ट्रिनिटी कॉलेज अगदी मध्यात आहे, तर युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिन दक्षिणेला बेलफील्डमध्ये.

दूर असणं हा दोष नाही. गार्शिंग किंवा क्लेटन कुणाला जास्त मानवेल, स्वस्तही पडेल. पण ‘लंडनला चाललो’ असं सगळ्या वाड्यावर सांगून झाल्यावर ऑफर लेटर वाचताना दुसऱ्याच गावाचं नाव दिसलं, असं होता कामा नये. उलटही घडतं. ब्रिटनमधल्या काही विद्यापीठांनी आपल्या मूळ गावापासून दूर, लंडनमध्ये छोट्या शाखा उघडल्या आहेत. नाव मोठ्या विद्यापीठाचं, पण प्रत्यक्षात एका ऑफिस-इमारतीतले काही मजले. मुख्य परिसरातलं ग्रंथालय, प्रयोगशाळा, वसतिगृह तिथे असेलच असं नाही.

तेव्हा अर्जाआधी ईमेल करून दोन प्रश्न विचारा: माझ्या अभ्यासक्रमाचे वर्ग कुठल्या पत्त्यावर भरतात, आणि प्रयोगशाळा कुठल्या पत्त्यावर? उत्तर पोस्टकोडसह लेखी घ्या. पुढची सगळी आकडेमोड त्या पोस्टकोडवर चालते.

दुसरी पायरी: एक साधा मंगळवार लिहून काढा

शहराच्या वेबसाइटवर नेहमी शनिवार-रविवार दिसतो. तुम्ही एका मंगळवारचं वेळापत्रक करा. किती वाजता उठणार, कुठल्या भागातून निघणार, बस की मेट्रो, किती वेळ, तिकीट किती, दुपारी काय खाणार आणि कितीला, वर्ग संपल्यावर काम असेल तर ते कुठे, रात्री खोलीवर कधी पोचणार. नकाशाच्या ॲपमध्ये तिथल्या सकाळची वेळ घालून रस्ता काढता येतो. खोली कुठे मिळेल ते माहीत नसलं तरी त्या शहरातले विद्यार्थी सहसा कुठल्या दोन-तीन वस्त्यांमध्ये राहतात ते तिथल्या विद्यार्थी संघटनेच्या पानावर सापडतं. तिथून मोजा.

हे लिहायला बसलं की आपल्याकडची एक नेहमीची गोष्ट उघडी पडते. ‘स्विंडनला काका आहेत, राहायचा प्रश्न नाही.’ इंग्लंडमधल्या स्विंडनमध्ये गोवेकरांची मोठी वस्ती आहे, त्यामुळे काका, मावशी, शेजारचा कोणीतरी तिथे असतोच. पण कॉलेज लंडनमध्ये असेल तर हिशेब असा: घरापासून स्टेशन वीस मिनिटं, लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनपर्यंत रेल्वे साधारण एक तास, पुढे ट्यूब म्हणजे तिथली मेट्रो, शेवटी चालणं. एका बाजूचे जवळजवळ दोन तास, आणि ब्रिटनमधलं रेल्वेचं तिकीट म्हणजे आपल्या कोकण रेल्वेचं तिकीट नव्हे. रोजचं जाणं-येणं धरलं तर वाचलेलं भाडं रुळांवरच जातं. वर सकाळी नऊच्या वर्गाला उशीर आणि विद्यार्थी व्हिसावर हजेरीची नोंद. काकांच्या घराचा खरोखर फायदा घ्यायचा असेल तर नकाशा उलट बाजूने वाचा: स्विंडनहून बाथ रेल्वेने साधारण अर्ध्या तासावर, ब्रिस्टल त्याच्या थोडं पुढे. दोन्हीकडे उत्तम विद्यापीठं आहेत. तुमचा विषय तिथे असेल तर काका उपयोगी. नसेल तर काका चतुर्थीपुरते.

चतुर्थीचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो: युरोपातली सत्रं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुरू होतात आणि चवथ हुकू शकते. घरी आधीच सांगून ठेवा, तिकीट काढल्यावर वाद नको.

तिसरी पायरी: खोली

या पायरीवर सर्वात जास्त वेळ घालवा. गेल्या काही वर्षांत युरोपातल्या बऱ्याच विद्यापीठ-शहरांमध्ये प्रवेश मिळवण्यापेक्षा खोली मिळवणं अवघड झालंय. ॲमस्टरडॅम विद्यापीठाने तर परदेशी विद्यार्थ्यांना स्पष्ट बजावलं आहे की राहायची सोय झाली नसेल तर येऊच नका. विद्यापीठ स्वतः असं म्हणत असेल तर ‘तिथे गेल्यावर बघू’ हा आपला लाडका उपाय चालणार नाही.

आधी वसतिगृह. ब्रिटनमधली बरीच विद्यापीठं परदेशी विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी वसतिगृहातल्या खोलीची हमी देतात, पण ठरावीक तारखेआधी ऑफर पक्की करून अर्ज केला तरच. ही तारीख आणि प्रवेशाची शेवटची तारीख वेगवेगळ्या असतात, म्हणून डायरीत दोन्ही स्वतंत्र लिहा. करार किती आठवड्यांचा तेही बघा. पदवीच्या मुलांसाठी साधारण ४० आठवड्यांचे करार असतात, एम.एस्सी.चा प्रबंध मात्र सप्टेंबरपर्यंत चालतो, तेव्हा ५१ आठवड्यांचा करार लागतो. नाहीतर ऐन प्रबंधाच्या दिवसांत बॅगा उचलून दुसरीकडे जावं लागतं.

भाडं ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात आठवड्याचं सांगतात. त्याला चाराने गुणून महिना काढू नका. ५२ ने गुणून १२ ने भागा. २०० पौंड आठवड्याला म्हणजे महिन्याला ८०० नव्हे, साधारण ८६७. वर्षभरात हा फरक ८०० पौंडांचा होतो.

जर्मनीत विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांचं काम ‘श्टुडिएरेंडनवेर्क’ नावाच्या सार्वजनिक संस्थांकडे असतं. भाडं खाजगी बाजारापेक्षा बरंच कमी, पण म्युनिकसारख्या शहरात प्रतीक्षायादी एका सत्रात संपत नाही. प्रवेशाचं पत्र हाती येण्याआधी नाव नोंदवता येत असेल तर लगेच नोंदवा. तिथे आणखी एक गोष्ट लागते: पोचल्यावर पत्त्याची सरकारी नोंदणी करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाचं सहीचं पत्र हवं. ‘खोली देतो, पण पत्र देणार नाही’ म्हणणाऱ्याची खोली कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका. नोंदणी अडली की बँक, राहण्याचा परवाना, सगळंच अडतं.

डब्लिनमध्ये ‘डिग्ज’ हा प्रकार आहे, म्हणजे एखाद्या कुटुंबाच्या घरातली एक खोली. घरात खोली भाड्याने देणाऱ्याला तिथे वर्षाला १४,००० युरोपर्यंत करमाफी आहे, त्यामुळे अशा खोल्या निघतात. त्यातल्या काही फक्त सोमवार ते शुक्रवारच्या असतात. आयरिश मुलं शनिवार-रविवारी आपल्या गावी जातात म्हणून. फोंड्याहून गेलेल्या मुलाने शनिवारी कुठे जायचं? जाहिरात वाचताना हा मुद्दा सुटू देऊ नका. स्वयंपाकघर वापरायला मिळेल का, हेही विचारा. आपली फोडणी सगळ्यांना सोसवत नाही.

खाजगी घर घ्यायचं झालं तर ब्रिटनमध्ये तिथेच राहणारा हमीदार मागतात. नातेवाईक तयार असतील तर त्यांची खरी मदत इथे होते, मुक्कामापेक्षाही जास्त. इंग्लंडमध्ये वर्षाचं भाडं ५०,००० पौंडांपेक्षा कमी असेल तर अनामत रक्कम पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, तसा २०१९ चा कायदा आहे. पूर्णवेळ विद्यार्थीच राहत असतील तर घराला कौन्सिल टॅक्स, म्हणजे तिथली घरपट्टीही, माफ असतो.

आणि फसवणूक. सुंदर फोटो, बाजारापेक्षा कमी भाडं, ‘मी सध्या देशाबाहेर आहे, पैसे पाठवलेत की किल्ली कुरिअरने येईल’ ही ठरलेली पद्धत आहे. खोली प्रत्यक्ष किंवा थेट व्हिडिओ कॉलवर पाहिल्याशिवाय, आणि करार वाचल्याशिवाय एक युरोही पाठवू नका. तिथे आधीपासून असलेल्या गोवेकराला एकदा तो पत्ता बघून यायला सांगा. आपली माणसं एवढं आनंदाने करतात.

चौथी पायरी: पैसे, तिकडचे आणि इकडचे

प्रत्येक देश व्हिसासाठी राहण्याच्या खर्चाचा एक आकडा ठरवतो. हा आकडा किमान असतो, प्रत्यक्ष खर्च नव्हे, पण तुलनेला उत्तम. ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २०२५ पासून लंडनमध्ये शिकणाऱ्याला महिन्याला १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर १,१७१ पौंड दाखवावे लागतात, जास्तीत जास्त नऊ महिन्यांचे. म्हणजे १३,७६१ विरुद्ध १०,५३९. हा ३,२२२ पौंडांचा फरक खुद्द सरकारने मान्य केलेला आहे आणि फी अजून यात धरलेलीच नाही. त्यावर आरोग्य अधिभार, विद्यार्थ्याला वर्षाला ७७६ पौंड. पैसे सलग २८ दिवस खात्यात असावे लागतात. एखाद्या दिवशीही शिल्लक त्याखाली गेली तर अर्ज फेटाळला जाऊ शकतो.

जर्मनीत ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये वर्षाचे ११,९०४ युरो ठेवावे लागतात, दरमहा ९९२ हातात येतात. सगळ्या देशाला एकच आकडा, म्युनिक असो वा लाइपझिग. पण म्युनिकमध्ये ९९२ मध्ये महिना काढणं कठीण आहे आणि लाइपझिगमध्ये जमण्यासारखं. शिवाय ‘जर्मनीत शिक्षण फुकट’ हे आता सरसकट खरं नाही. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्याला सत्राला १,५०० युरो पडतात. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून पदवीला सत्राला २,००० ते ३,००० आणि पदव्युत्तरला ४,००० ते ६,००० युरो आकारायला सुरुवात केली. ऑस्ट्रेलियात राहण्याचा आकडा वर्षाला २९,७१० ऑस्ट्रेलियन डॉलर आहे, तोही सिडनी काय आणि ॲडलेड काय, सारखाच.

आता इकडची बाजू, जिच्याबद्दल पुण्या-मुंबईचे सल्लागार काही सांगत नाहीत. मोठ्या शैक्षणिक कर्जाला बँक तारण मागते आणि गोव्यात तारण म्हटलं की घर किंवा भाट, म्हणजे बागायतीची जमीन. इथे अडचणी सुरू होतात. घर अजून आजोबांच्या नावावर, वारस बारा, त्यातले तिघे मुंबईत आणि एक कुवेतला. इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांतली कोर्टातून होणारी वाटणी, झालेलीच नाही. फॉर्म एक व चौदाच्या जमिनीच्या उताऱ्यावर भलत्याचंच नाव. घर मुंडकाराचं, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत राहणाऱ्याचं, आणि जमीन भाटकाराची, म्हणजे जमीनमालकाची. जमीन कोमुनिदादची, म्हणजे गावच्या सामाईक संस्थेची. यातलं काहीही असलं की बँकेचा वकील फाइल बाजूला ठेवतो. गोव्याच्या समान नागरी कायद्यात सर्वसाधारणपणे नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते, त्यामुळे घर बाबांच्या एकट्याच्या नावावर दिसत असलं तरी गहाण टाकायला आईची सही लागते. सही सहसा मिळते, वारसांच्या सह्या गोळा करण्यात वर्ष जातं. म्हणून मुलगी अकरावीत असतानाच, किंवा मुलगा पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असतानाच, घराची कागदपत्रं एकदा वकिलाला दाखवा. तारण उभं राहत नसेल तर तारणाशिवाय किती कर्ज मिळतं तेवढंच बजेट धरा आणि शहरांची यादी त्याप्रमाणे कापा. मला विचाराल तर यादी कापण्याची सर्वात प्रामाणिक जागा हीच.

राज्य सरकारच्या दोन योजना नक्की बघा: गोवा शिक्षण विकास महामंडळाचं बिनव्याजी शैक्षणिक कर्ज आणि मनोहर पर्रीकर गोवा स्कॉलर्स योजना. रकमा, अटी आणि अर्जाच्या तारखा त्या त्या वर्षीच्या जाहिरातीत पाहा. गोव्यातल्या दीर्घ वास्तव्याचा दाखला मामलेदार कचेरीतून वेळेत काढून ठेवा, ऐनवेळी रांग लांब असते.

पैसे पाठवताना: बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवर टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक घेते तो कर) कापला जात नाही. स्वतःच्या खात्यातून वर्षात १० लाखांवर रक्कम गेली की वरच्या भागावर तो लागतो. आयकर विवरणपत्रात तो वळता होतो, पण तोवर पैसे अडकून राहतात. सगळ्या हिशेबाला रुपयाच्या घसरणीसाठी निदान १० टक्के वर धरा.

पोर्तुगीज पासपोर्टचा मोह

गोव्यात हा विषय टाळून हा लेख पुरा होत नाही. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांचा जन्म पोर्तुगालमध्ये नोंदवता येतो आणि त्यांच्या मुला-नातवंडांनाही त्या वाटेने नागरिकत्व मिळू शकतं. ‘पासपोर्ट काढ, फी कमी होईल’ हा सल्ला प्रत्येक लग्नात ऐकू येतो. तो काही देशांपुरता खरा आहे. नेदरलँड्समध्ये युरोपीय नागरिकाला सरकारने ठरवलेली फी पडते, २०२५-२६ साठी २,६०१ युरो. बाहेरच्याला तिच्या कितीतरी पट. बाडेन-व्युर्टेमबर्गचे १,५०० युरो युरोपीय नागरिकाला नाहीत. पोर्तुगालमध्येच शिकायचं तर सार्वजनिक विद्यापीठात पदवीची वार्षिक फी गेली काही वर्षं ६९७ युरोंवर गोठलेली होती. भाषा मात्र बहुतेक पोर्तुगीज. ती शिकायची तर पणजीत कामोइंश केंद्र आहे, गोवा विद्यापीठातही पोर्तुगीज शिकवतात.

आयर्लंडमध्ये मात्र फी पासपोर्टवर नव्हे, बऱ्याच अंशी तुम्ही आधीची वर्षं कुठे राहिलात यावर ठरते. मुलगा आयुष्यभर डिचोलीत राहिला असेल तर पासपोर्ट कुठलाही असो, युरोपीय फी मिळेलच असं नाही. ब्रिटनमध्ये ब्रेक्झिटनंतर नव्याने गेलेल्या पोर्तुगीज नागरिकाला परदेशी विद्यार्थ्याचीच फी आणि व्हिसाही लागतो. सूट त्यांनाच, जे २०२० संपण्याआधी तिथे राहत होते आणि ज्यांनी युरोपीय नागरिकांसाठीच्या सेटलमेंट योजनेत नोंद केली.

आणि या सगळ्याची किंमत म्हणजे भारतीय नागरिकत्व. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की ते जातं, भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो. मूळच्या भारतीयांना दिलं जाणारं ओसीआय कार्ड मिळू शकतं, पण त्यावर मतदान नाही, सरकारी नोकरी नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. दोन वर्षांच्या फीसाठी एवढा निर्णय अठराव्या वर्षी घेऊ नये असं माझं मत आहे. ज्यांच्या घरी हा निर्णय आधीच, वेगळ्या कारणांनी झालाय त्यांनी फायदा जरूर घ्यावा आणि मग यादीत नेदरलँड्स, जर्मनी, पोर्तुगाल वर आणावेत.

पाचवी पायरी: आता विद्यापीठ

एव्हाना तुमच्याकडे चार-पाच शहरं उरली असतील. आता त्यांतली विद्यापीठं बघा आणि आधी मान्यता तपासा. ऑस्ट्रेलियात अभ्यासक्रम क्रायकॉस नोंदणीत हवा, कॅनडात संस्था ‘डीएलआय’ यादीत, ब्रिटनमध्ये विद्यार्थी व्हिसाच्या प्रायोजकांच्या सरकारी यादीत, जर्मनीत ‘आनाबिन’वर. सगळ्या याद्या खुल्या आणि फुकट आहेत, दहा मिनिटांचं काम.

जागतिक क्रमवारीत संशोधन आणि नावलौकिकाला मोठं वजन असतं. तुमचा वर्ग कोण घेणार हे त्यातून कळत नाही. त्यापेक्षा विभागाचं पान उघडा. या वर्षी कुठले विषय प्रत्यक्ष शिकवले जाताहेत, प्राध्यापक कोण, त्यांचं अलीकडचं काम काय, प्रबंध शहरातल्या एखाद्या कंपनीबरोबर किंवा रुग्णालयाबरोबर करता येतो का. शहराची महागाई सोसायचीच तर त्या बदल्यात हे शेवटचं मिळायला हवं. जैवतंत्रज्ञानाला बॉस्टन, अर्थशास्त्र-वित्ताला लंडन किंवा फ्रँकफर्ट, जहाजबांधणी-बंदरांसाठी रॉटरडॅम-हॅम्बर्ग: इथे शहर विषयाच्या कामी येतं. गणितात किंवा इतिहासात पदव्युत्तर करायचं असेल तर महागड्या राजधानीत राहून फारसं जास्त काही मिळत नाही, ग्लासगो किंवा लाइपझिगही पुरतं.

तीन वर्षांची पदवी हाही मुद्दा आहे. ब्रिटनमध्ये ती सहसा चालते; अमेरिकेतल्या काही विद्यापीठांना चार वर्षं लागतात. जर्मनीत बारावीनंतर थेट पदवीला प्रवेश मिळेल असं धरून चालू नका, बऱ्याच जणांना आधी ‘श्टुडिएनकोलेग’चं पूर्वतयारीचं वर्ष करावं लागतं.

सहावी पायरी: काम

शिकताना ब्रिटनमध्ये सत्राच्या काळात आठवड्याला २० तास, कॅनडात परिसराबाहेर २४, ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८, जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं. अमेरिकेत पहिल्या वर्षी परिसरातच. या पैशातून किराणा आणि बसचा पास निघतो. फी या पैशातून भरायची असं गणित कुणी मांडून दिलं तर त्या माणसाकडे पुन्हा जाऊ नका.

शिक्षणानंतरच्या मुदतीतही शहर डोकावतं. ब्रिटनचा ग्रॅज्युएट व्हिसा दोन वर्षांचा आहे, पण १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना १८ महिनेच मिळतील, पीएच.डी.वाल्यांना तीन वर्षं कायम. ऑस्ट्रेलियात सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन सोडून ॲडलेड किंवा पर्थसारख्या ठिकाणी शिकलं आणि राहिलं तर पुढे आणखी एका वर्षाचा व्हिसा मिळू शकतो. ॲडलेडमध्ये दोन विद्यापीठं एक होऊन २०२६ पासून नवं ॲडलेड विद्यापीठ सुरू झालंय, तेव्हा जुन्या नावाच्या क्रमवाऱ्या त्याला लावू नका.

एजंटकडे जायचं की नाही

जा, पण तुमची यादी घेऊन जा. पणजी, मडगाव, म्हापशात बसलेले बहुतेक सल्लागार तुमच्याकडून थोडं किंवा काहीच घेत नाहीत. त्यांना विद्यापीठ दलाली देतं. साहजिकच जे विद्यापीठ दलाली देत नाही त्याचं नाव त्यांच्या तोंडून सहसा निघत नाही, आणि जर्मनीतली सार्वजनिक विद्यापीठं त्यात मोडतात. फॉर्म भरून घ्यायला, व्हिसाची कागदपत्रं लावायला ते उपयोगी. अर्जात ईमेल आणि पासवर्ड मात्र तुमचाच हवा. एका मुलाची ऑफर एजंटच्या ईमेलवर येऊन पडून राहिली होती आणि वसतिगृहाची तारीख निघून गेली. तेव्हापासून मी ही अट पहिली सांगतो.

कागदपत्रं: नाईक, नायक आणि क्यू-यू वाला Naique

आपल्या आडनावांची रोमन लिपीतली स्पेलिंगं हे गोव्याचं खास दुखणं. आजोबांच्या जन्मनोंदीत पोर्तुगीज धाटणीचं, बाबांच्या आधारवर मराठी उच्चाराचं, मुलाच्या गुणपत्रिकेत तिसरंच. कामत, परब, शेणवी, गावकर, सगळ्यांची हीच तऱ्हा. त्यात गुणपत्रिकेवर बापाचं नाव मधे आणि पासपोर्टवर ते गायब. परदेशी विद्यापीठ आणि दूतावास पासपोर्टवरचं नाव प्रमाण धरतात. बारावीत असतानाच पासपोर्ट, गुणपत्रिका, जन्मदाखला आणि आधार शेजारी ठेवून अक्षर अक्षर जुळवा. किरकोळ फरक असेल तर प्रतिज्ञापत्रावर भागतं. नाव खरंच बदलायचं असेल तर त्याला गोव्यात १९९० चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्या वाटेला महिने लागतात.

जर्मनीसाठी भारतीय विद्यार्थ्यांना २०२२ च्या नोव्हेंबरपासून एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचं प्रमाणपत्र, लागतं. ते हाती आल्याशिवाय व्हिसाचा अर्ज पुढे जात नाही, म्हणून सर्वात आधी तेच. गोवा विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट मागवायलाही वेळ ठेवा, आणि एकाऐवजी पाच-सहा मोहोरबंद प्रती घ्या.

वेळापत्रक

सप्टेंबरमध्ये निघायचं असेल तर आदल्या वर्षीच्या मे महिन्यात शहरांचा हिशेब आणि घराच्या कागदांची तपासणी. पावसाळ्यात आयईएलटीएस आणि एपीएस. चतुर्थीनंतर अर्ज: ब्रिटनमध्ये पदवीचे अर्ज यूकास या सामाईक प्रवेश-व्यवस्थेतून, २०२६ च्या प्रवेशासाठी मुख्य तारीख १४ जानेवारी होती, ऑक्सफर्ड-केंब्रिज आणि वैद्यकीयसाठी १५ ऑक्टोबर. जर्मनीत बऱ्याच ठिकाणी १५ जुलै, पण परदेशी अर्जदारांना अनेक अभ्यासक्रम त्याच्या कितीतरी आधीची तारीख देतात. गोवा बोर्डाचा बारावीचा निकाल हल्ली मार्च-एप्रिलमध्येच लागतो, त्यामुळे सशर्त ऑफर पक्की करायला आपल्या मुलांना इतर राज्यांपेक्षा थोडी सवड मिळते. ती खोली शोधण्यात घालवा.

अनामत फी भरण्याआधी ऑफरसोबतची परताव्याची अट वाचा: व्हिसा नाकारला तर किती परत, तुम्हीच बेत बदललात तर किती, आणि कुठल्या तारखेपर्यंत कळवायचं. ही रक्कम बऱ्याचदा काही हजार पौंड असते. दोन विद्यापीठांत अनामत भरून ‘नंतर बघू’ म्हणण्याआधी त्या दोन्ही अटी प्रिंट काढून बाबांच्या हातात द्या.